बिनखिळ्यांचा पाट

परवा आमच्या बिल्डिंगमध्ये मीटर बदलायला दोघेजण आले होते. डोक्यावर पिवळ्या टोप्या, अंगात पट्ट्यापट्ट्यांची जाकिटं. रबरी हातमोजेही होते, पण ते खांद्यावर टाकलेले, लग्नातल्या उपरण्यासारखे. त्यातल्या एकाने दोन्ही हात पेटीत घातले आणि मान वळवून तो दुसऱ्याशी क्रिकेटवर बोलू लागला. मी जिन्यात उभा होतो. राहवलं नाही.

"एक हात खिशात घाल रे!"

दोघे हसले. "आजोबा, आता तसलं काही नसतं. जमाना बदलला."

बदलला असेल. पण "विजेला नवं-जुनं काही नसतं, तिला फक्त ओलं आणि सुकं कळतं," असं म्हणणारा एक माणूस माझ्यासोबत काम करायचा. त्याचं नाव अर्जुन जाधव. तो आज असता तर त्या टोपीवाल्याला त्याने जिन्यावरून खाली उतरवला असता, आणि उतरवताना त्याच्या बापाचीही चौकशी केली असती.

मी मीटरखात्यात फिटर म्हणून लागलो तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. मी राहायला लालबागला, जाधव भोईवाड्यात. आमची जोडी लावून दिली होती. गिरगावापासून दादरपर्यंत घरोघर जायचं, मीटर तपासायचं, सील बघायचं, जुनं झालेलं उतरवून नवं बसवायचं. जाधव माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा, पण "अहो" म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "जोडीत अहोजाहो केलंस तर हाक मारेपर्यंत मी मरेन," म्हणायचा.

दिसायला तो ऐटबाज होता. खाकी शर्टाला कडक इस्त्री, मिशीला रोज कात्री, भांग असा की पट्टी लावून पाडलेला वाटावा. स्वभाव मात्र खवट. कुणाचं कौतुक करणं म्हणजे त्याला स्वतःच्या अंगावरचं मांस काढून देण्यासारखं वाटे. आपण फार चांगलं गातो असा त्याचा एक गैरसमज होता आणि तो दूर करण्याची कुणाची छाती नव्हती. कामाला हात लावला की मात्र तोंड बंद. मग घरमालक विचारो की साहेब, उत्तर नाही. सील लावून झालं की पहिल्यापासूनच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका दमात द्यायचा.

त्याचे नियम होते, आणि ते त्याने आमच्या डोक्यात पाटीवर गिरवून घ्यावेत तसे भरले. पहिलं म्हणजे मीटरच्या आधीच्या कटआउटमधला, म्हणजे चिनीमातीच्या डबीतला, फ्यूज काढायचा आणि तो कुठेही न ठेवता स्वतःच्या खिशात घालायचा. म्हणजे मधल्या मध्ये कुणी शहाणा तो परत बसवणार नाही. "फ्यूज माझ्या खिशात, तोवर जीव माझ्या कुडीत." मग टेस्टचा दिवा. तो आधी चालू तारेवर पेटवून बघायचा, मग बंद केलेल्या तारेवर लावायचा, मग पुन्हा चालू तारेवर. "नाहीतर तार मेली म्हणून हात घालशील आणि मेलेला असायचा दिवा." डावा हात कायम पँटच्या खिशात, म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडायला नको. अंगठी, घड्याळ, जे काही धातूचं असेल ते काढून ठेवायचं.

या शेवटच्या नियमावरून एकदा डेपोत तमाशा झाला. एक नवा फिटर आला होता, तालमीतला गडी. कमरेला चांदीचा करदोडा. जाधवने सगळ्यांसमोर त्याला शर्ट वर करायला लावला.

"हे काय?"

"करदोडा. आईने बांधलाय."

"आईला सांग, फिटरला सुतळी बांधायची. हा उतरव."

"जाधव, अरे करदोडा काढतात का कधी? माणूस मेल्यावर काढतात."

"तेच सांगतोय. मी जिवंतपणी काढायला सांगतोय, बाकीचे नंतर काढतील."

पैलवान चिडला, अंगावर गेला, दोघांना आवरायला चौघे लागले. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या कमरेला काळा दोरा होता. जाधवने तो पाहिला आणि तंबाखूची डबी त्याच्यापुढे केली. कौतुकाची त्याची मजल तिथवरच.

आता पाटाचं सांगतो. जाधवच्या काखेत कायम एक पाट असायचा. सागवानी, बसका, कडा झिजलेल्या. त्याच्या लग्नातला, जोडीतला एक. दुसरा घरी होता आणि त्यावर बसून त्याची बायको सरूबाई नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायची, की लग्नाची जोडी या माणसाने फोडली. पाटाच्या खालच्या पट्ट्यांचे लोखंडी खिळे जाधवने भोईवाड्यातल्या सुताराकडून उपटून घेतले होते आणि त्या जागी बांबूच्या खुंट्या ठोकून घेतल्या होत्या. आख्ख्या पाटात लोखंडाचा कण नाही. मीटर उघडायचं ते त्या पाटावर उभं राहूनच.

मी एकदा म्हटलं, "फ्यूज खिशात, दिवा लावून बघितलास, मग पाट कशाला?"

"दिवा काय सांगतो? मघाशी वीज नव्हती. आत्ता नाही असं तो सांगत नाही. तू हात घातल्यावर आली तर? पाट हा आत्ताचा."

खात्याने आम्हाला रबरी चटई दिली नव्हती असं नाही. होती की! डेपोच्या कपाटात. कपाटाला कुलूप, आणि किल्लीवाला बहुधा रजेवर. रबरी तळाचे बूट होते, पण गिरगावात, दादरला निम्म्या घरांत मीटर देवघराच्या डोक्यावर बसवलेलं. त्यामुळे दारातच "पायताण बाहेर". उरलं काय? लाकूड. बाकीचे फिटर घरातलंच स्टूल नाहीतर पाट मागून घ्यायचे. मलाही मिळायचा. जाधवने मागितला की मिळायचा नाही.

कारण आधी नाव विचारलं जायचं. जाधव म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठले जाधव?" तो आवाज चढवून सांगायचा, "भोईवाड्याचे." तेवढ्याने भागलं नाही तर आणखी खोदून विचारायचे. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून त्याचं उत्तर पक्कं झालं होतं. "जात तिकडे टाकून आलो. आता विचारायचं ते मीटरचं विचारा." मग आतून भांड्यांची आवराआवर ऐकू यायची. म्हणून त्याने स्वतःचाच पाट काखेत मारला. आमच्या लालबागेत तरी कुठे देवमाणसं राहत होती म्हणा.

फणसवाडीतल्या एका घराचं मला पक्कं आठवतं. दुसरा मजला, घर जुन्या घरंदाज माणसांचं. वकील होते, सगळे त्यांना नानासाहेब म्हणत. आम्ही तपासणीला गेलो तेव्हा ते कोर्टात होते, घरात त्यांची आई होती. कुठले जाधव, कोण जाधव, सगळं विचारून झालं. मग म्हातारी आत गेली, तांब्या घेऊन आली आणि मीटरखालच्या लादीवर तिने पाणी शिंपडलं. देवाला विटाळ नको म्हणून. आमच्या धंद्यात याहून मोठा घात नाही. उघड्या तारेखाली ओली लादी!

मला वाटलं, जाधव आता भडकणार. तो बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर पाट टाकून बसला.

"काय झालं?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही. तुमचा देव सोवळ्यात, माझी वीजपण सोवळ्यात. तिला ओलं चालत नाही. सुकली की हाक मारा."

आणि गायला लागला. लादी सुकायला किती वेळ लागला असता कुणास ठाऊक, पण म्हातारीनेच शेवटी फडकं आणून ती पुसली, एवढं ते गाणं होतं. आम्ही खाली येईपर्यंत हसत होतो.

हसू दुसऱ्या आठवड्यात उतरलं. तक्रार गेली होती. साहेबांनी जाधवला बोलावून घेतलं. ग्राहकाच्या घरात उर्मटपणा, कामात दिरंगाई, आणि देवघरापुढे स्वतःचं सामान मांडणं. सामान म्हणजे पाट. इथून पुढे पाट घेऊन कुठल्याही घरात शिरायचं नाही आणि पुन्हा तक्रार आली तर घरी बसायचं.

जाधव म्हणाला, "साहेब, मग चटई द्या."

"कपाटात आहे ना?"

"कपाटात मी उभा राहत नाही, साहेब."

झालं. उर्मटपणाची आणखी एक नोंद पडली. साहेबही मराठीच होते आणि संध्याकाळी छातीला बिल्ला लावून समितीच्या सभेला जात. सगळ्या मराठी माणसांनी एकजूट दाखवायची वेळ आली आहे, असं ते आम्हाला सांगायचे. जाधवने पाट सोडला नाहीच. फक्त तो आता गोणपाटात गुंडाळून न्यायला लागला.

चळवळीत जाधव मनापासून होता, हे सांगायला हवं. परळच्या सभांना तो हटकून जायचा, शाहिरांच्या मागे उभा राहून जी जी ओढायचा आणि सूर सोडायचा. गोळीबार झाला त्या दिवशी तो रस्त्यावर होता. "मुंबई दिली तर आपण राहायचं कुठे? आपल्याला दुसरं गाव आहे का?" म्हणायचा. भोईवाड्यात समितीची सभा ठरली तेव्हा दिव्यांचं काम त्यानेच अंगावर घेतलं. व्यासपीठावरची ओली गोणपाटं काढल्याशिवाय दिवे लावणार नाही म्हणून अडून बसला. मुख्य वक्ते आले ते नेमके फणसवाडीचे नानासाहेब.

बोलायला माणूस जबरदस्त. अठरापगड महाराष्ट्र एका ताटात जेवेल तेव्हाच हा लढा जिंकला असं समजा, म्हणाले. टाळ्या थांबेनात. खाली उतरल्यावर दिव्यांच्या दोऱ्या सोडवणाऱ्या जाधवच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "तुम्ही उजेड दिलात म्हणून आम्ही बोललो, जाधवराव."

जाधवराव! जिन्याजिन्यावर "ए वीजवाल्या" ऐकलेल्या माणसाला कुणी जाधवराव म्हटलं. आम्ही घरी निघालो. मी म्हटलं, "अरे, याच्याच आईने पाणी मारलं होतं."

"म्हातारी जुनी आहे रे. हा माणूस बरा आहे."

"भाषणात सगळेच बरे असतात."

"तुझं तोंडच कडू," तो म्हणाला. जाधवने मला असं म्हणावं!

त्यानंतर काही महिन्यांनी नानासाहेबांच्या घरचं मीटर बदलायचा हुकूम आला. दिल्लीहून राज्याचा निकाल लागणार, आज लागणार, अशा आवया त्या दिवसांत रोज उठायच्या. आम्ही दुपारी पोचलो तर नानासाहेब स्वतः दारात. आत दहाबारा माणसं रेडिओभोवती कोंडाळं करून बसलेली.

"या जाधवराव! मी ओळखलं बरं का तुम्हाला."

जाधवने बूट काढले. गोणपाटातून पाट काढला. आतून म्हातारीचा आवाज आला, "नाना, तो पाट देवापुढे येता कामा नये हो!" लादी पुन्हा ओली होती. म्हातारीने आधीच शिंपडून ठेवली होती.

जाधव माझ्याकडे बघून पायरीकडे वळला. गाणं सुरू होणार, असं मला वाटलं. नानासाहेब त्याच्यामागून आले. शेजारच्या खुर्चीवरचा पंचा घेऊन त्यांनी स्वतः वाकून लादी पुसली. खोटं कशाला बोलू, वकील माणूस फिटरसाठी गुडघ्यावर बसला होता. मग उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "हे पाहा जाधवराव, आई आता किती दिवसांची? तिचं मन कशाला मोडायचं? पाच मिनिटांचं काम. पाट तेवढा बाहेर राहू दे. तुम्ही आणि मी काय वेगळे आहोत? तुम्ही समजून घ्याल म्हणून तुम्हाला सांगतो."

म्हातारीच्या तांब्याला तो हटला नव्हता, साहेबाच्या धमकीला हटला नव्हता. या गोड बोलण्याला हटला. त्याने पाट उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकवून ठेवला आणि अनवाणी आत गेला. मी म्हटलं, "जाधव, नको." तो म्हणाला, "पुसलीय ना."

बाकी सगळं त्याने नेहमीसारखं केलं. फ्यूज काढून खिशात घातला. दिवा तीनदा लावला. तार मेलेली होती. डावा हात खिशात घालून उजव्या हाताने जुनं मीटर सोडवायला लागला. नवं मीटर खोक्यातून काढायला मी पायात बूट सरकवून दाराबाहेर आलो.

वीज गेली तसा आतल्या खोलीतला रेडिओ बंद पडला होता. निकाल आला आणि आपल्याला कळला नाही तर? नानासाहेबांच्या मुलाने डोकं लढवलं. खालच्या बिऱ्हाडातून एक वायर वर ओढून घेतली, दोन्ही टोकांना पिना असलेली. एक पिन खालच्या भिंतीत, दुसरी आपल्या भिंतीत. मीटर बदलेपर्यंत खालच्या विजेवर रेडिओ चालेल, हा हिशेब. गणपतीत, सभांना, वाडीतले लोक असेच दिवे एकमेकांच्या घरातून पेटवायचे. ती वीज नुसती रेडिओत जात नाही, घरातल्या सगळ्या तारांतून उलटी फिरून मीटरपर्यंत येते, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने बटण दाबलं.

रेडिओ खरखरला आणि त्याच क्षणी जाधव ओरडला. ओरडला म्हणजे काय, घशातून काहीतरी निघालं. तार हाताला चिकटली होती आणि पाय त्या दमट लादीवर थरथरत होते. फ्यूज काढायला धावून काही उपयोग नव्हता, तो आधीच त्याच्या खिशात होता. मी उंबऱ्याबाहेरचा पाट उचलला, बुटांसकट आत शिरलो आणि त्याच्या दंडावर सगळी ताकद लावून हाणला. तो कोसळला. रेडिओवर कुठल्यातरी पिकाचे बाजारभाव चालले होते.

आणि म्हातारी देवघरातून ओरडत होती, "अरे मेल्या, चपला! देवाजवळ चपला!"

माझे कान अजून ते ऐकतात.

डावा हात खिशात होता म्हणून वाचला, असं परळच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं गेली. उरलेला हात वाळलेल्या काटकीसारखा झाला. नर्सने त्याच्या शर्टाच्या खिशातला फ्यूज काढून सरूबाईच्या हातात दिला. तिला वाटलं, दागिना आहे काही.

चौकशी झाली. नानासाहेब साक्षीला आले. ते खोटं बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, की मी त्यांना आडकाठी केली नाही, फक्त विनंती केली, आणि ती त्यांनी आनंदाने मान्य केली. वायरचा विषय निघाला तेव्हा मूल अजाण होतं, म्हणाले. मूल कॉलेजात होतं. मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. माझं म्हणणं ऐकून घेतल्याचं साहेबांनी मला सांगितलं. शेवटी ठपका बसला तो जाधववर. फिटरने अनुभवी असूनही पायाखाली लाकूड न घेता काम केलं, सबब स्वतःच्या सुरक्षिततेकडे त्याने दुर्लक्ष केलं. ज्या साहेबांनी पाट न्यायला बंदी केली होती त्यांनीच हे लिहिलं. मेहेरबानी म्हणून त्याला वडाळ्याच्या गोदामात दरवाज्यावर बसवला. फाटक उघडायला डावा हात पुरतो.

मी त्याला भेटायला जायचो. तो गायचा नाही. एकदाच म्हणाला, "म्हातारीचा राग नाही रे मला. ती समोरून पाणी टाकत होती, दिसत होतं. मी बाहेर बसत होतो."

महाराष्ट्र झाला. मुंबईसकट झाला. गिरगावात घराघरांवर दिव्यांच्या माळा लागल्या. नानासाहेबांनी घरी जेवण ठेवलं. अठरापगड एका पंक्तीला, बोलल्याप्रमाणे. जाधवला आणि मला खास निरोप होता. तो येणार नाही अशी माझी खात्री होती. तो आला. इस्त्रीचा खाकी शर्ट, मिशी कातरलेली.

दिवस मावळत होता. दिवाणखान्यात पाट मांडलेले, भोवती रांगोळ्या, ताटं वाढलेली. मीटरखाली, अगदी त्याच जागी, एक पाट रिकामा होता. नानासाहेब पुढे आले, डोळ्यांत पाणी होतं, तेही खरंच होतं असं मला वाटतं. "बसा जाधवराव. हा तुमचा पाट."

सगळी पंगत बघत होती. म्हातारीही दारात उभी होती. आज तिच्या हातात तांब्या नव्हता. जाधव वाकला. डाव्या हाताने त्याने पाट उचलून उलटा केला, उजेडाकडे धरला आणि खालच्या पट्ट्यांवरून उजव्या हाताचं राहिलेलं एक बोट फिरवलं.

"खिळे आहेत," तो म्हणाला. "हा चालत नाही मला."

पाट होता तसा सरळ करून ठेवला, रांगोळी मोडू न देता. बूट घातले आणि जिना उतरला. मागे नानासाहेब कुणाला तरी विचारत होते, "काय म्हणाले? कसले खिळे?"

मी गॅलरीत गेलो. खाली फणसवाडीत इतके दिवे होते की कुणाची सावली पडत नव्हती. माणसं पेढे वाटत होती, एकाने त्याच्यापुढेही पेढा धरला. जाधव मानेनेच नको म्हणाला आणि चालत राहिला. जळका हात बाजूला लोंबत होता. आणि डावा, जो एकच आता कामाचा राहिला होता, तो त्याने खिशात घातलेला होता.